मुलाच्या वाट्याची सही कोण करणार?

भिवंडी तालुक्यातल्या काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडा या पट्ट्यातले सातबारे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सतत बाहेर काढले जात आहेत. गोदामं उभी राहिली, नाशिक महामार्ग रुंद झाला, समृद्धीचं टोक आमण्याला आलं, बुलेट ट्रेनची मोजणी झाली. जमिनीचा व्यवहार ठरतो, विसार दिला जातो, आणि खरेदीदाराचा वकील सर्च घ्यायला बसतो तेव्हा सातबाऱ्यावरच्या एका बारीक शेऱ्यापाशी थांबतो. भोगवटादारांच्या रांगेत काका, आत्या, चुलतभाऊ यांच्या खाली एका मुलाचं नाव असतं आणि त्याच्यापुढे 'अ.पा.क.' लिहून आईचं नाव घातलेलं असतं. हा वारस अज्ञान आहे आणि त्याची पालनकर्ती आई आहे, एवढाच त्याचा अर्थ. घरच्यांना वाटतं, आईचं नाव आहेच, मग तिने सही केली की झालं. एजंटही म्हणतो, "वहिनी, तुम्ही फक्त या, बाकी आम्ही बघतो."

वहिनींनी तिथेच थांबावं, यासाठी हा लेख.

आई ही मुलाची पालक असते, यात वाद नाही. त्याला कुठल्या शाळेत घालायचं, कुठल्या दवाखान्यात न्यायचं, हे ठरवायला तिला कोणाची परवानगी लागत नाही. पण मुलाच्या नावावरची स्थावर मिळकत विकायची, गहाण टाकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची असेल, तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ च्या कलम ८ प्रमाणे कोर्टाची परवानगी आधी घ्यावी लागते. पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा करायचा असला, किंवा मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या पुढे जाणारा करायचा असला, तरीही. गोदामाची जागा भाड्याने देताना हे कोणाच्या लक्षातच येत नाही. परवानगी न घेता केलेला व्यवहार ते मूल मोठं झाल्यावर रद्द करून मागू शकतं. मुदतीच्या कायद्याने त्यासाठी त्याला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं मिळतात, म्हणजे एकविसाव्या वर्षापर्यंत. तोवर त्या जागेवर गोदाम उभं असतं, बँकेचा बोजा चढलेला असतो, जागा आणखी दोघांच्या हातातून गेलेली असते. मुलगा कोर्टात आला की सगळ्यांनाच समन्स निघतं, आणि सही केलेल्या आईलाही आपल्याच मुलासमोर उभं राहावं लागतं.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण भिवंडी तालुक्यातल्या आगरी-कुणबी घरांत तो रोज लागतो. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा जो न वाटलेला हिस्सा असतो, त्याला कलम ८ लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. तिथे कर्ता कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी विक्री करू शकतो, मात्र ती गरज उद्या सिद्ध करण्याची तयारी हवी. वडिलांनी स्वतःच्या कमाईने घेतलेला फ्लॅट, गाळा किंवा यंत्रमागाची शेड वेगळी. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यात पत्नी आणि प्रत्येक मुलाचा स्वतंत्र वाटा पडतो, तो एकत्र कुटुंबाचा राहत नाही. त्यासाठी परवानगी लागतेच. आपली मिळकत कुठल्या खान्यात बसते हे सातबाऱ्यावरून दरवेळी कळत नाही. जुने फेरफार काढून वकिलाला दाखवा. त्या कागदांचा खर्च किरकोळ असतो.

आता परवानगी कशी मिळते ते पाहू. अर्ज जिल्हा न्यायालयाकडे किंवा त्याने अधिकार दिलेल्या न्यायालयाकडे होतो, म्हणजे भिवंडीकरांचा विषय ठाणे जिल्हा न्यायालयाच्या हद्दीत येतो. आई-वडील नसतील आणि आजी, काका किंवा मावशीला पालक व्हायचं असेल, तर आधी पालक व पाल्य अधिनियम १८९० खाली नेमणुकीचा अर्ज करायचा असतो. मुलाचं नाव, जन्मतारीख, धर्म, तो राहतो कुठे, त्याच्या नावावर काय काय आहे, जवळचे नातेवाईक कोण, आधी कोणी असा अर्ज केला होता का, हे सगळं त्यात लिहावं लागतं. पालक होऊ इच्छिणाऱ्याने आपण तयार असल्याचं लेखी द्यायचं आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. मग नातेवाईकांना नोटीस जाते आणि कोर्टात व मुलाच्या राहत्या घरी ती डकवली जाते. मूल जाणतं असेल तर न्यायाधीश त्याचं म्हणणंही विचारात घेतात. तुला कोणाकडे राहायचं आहे, शाळेत कोण सोडतं, असे साधे प्रश्न असतात. त्याला घरी पढवून नेऊ नका. पोपटासारखी उत्तरं ऐकायची सवय कोर्टाला असते आणि त्याचा उलटाच परिणाम होतो.

कागदांची पिशवी आधीच भरून ठेवा. वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला, दोन्ही महानगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे. रेशनकार्ड, आधार, शाळेचा बोनाफाइड. मिळकतीसाठी सातबारा, ८-अ, फेरफार, शहरात असेल तर घरपट्टीची पावती आणि टोरंटचं बिल. शांतीनगर, कामतघर, पद्मानगरच्या जुन्या घरांत वडिलांच्या नावात दर कागदावर फरक असतो. एकीकडे आडनाव, दुसरीकडे गावाचं नाव, तिसरीकडे नुसतं बापाचं नाव. हे आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर तारखांवर तारखा याच एका गोष्टीत जातात.

विक्रीची परवानगी मागताना कोर्ट एकच गोष्ट बघतं: मुलाची गरज आहे का, किंवा त्याचा उघड फायदा आहे का. "दिराला पैसे हवे आहेत" हे कारण चालत नाही. "मुलाच्या हिश्श्यातून येणाऱ्या रकमेतून त्याच्याच नावे राहतं घर घ्यायचं आहे", "मोडकळीला आलेली इमारत आहे, पुनर्विकासात त्याला पक्की खोली मिळते" ही कारणं चालतात, पण त्यांच्यासोबत कागद लागतात. किमतीचा अंदाज, बिल्डरशी ठरलेल्या अटींचा मसुदा, नवीन घराचा करार जोडा. परवानगीसोबत अटीही येतात. बहुतेक वेळा मुलाच्या वाट्याची रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवायला सांगितलं जातं. कोर्टाने नेमलेल्या पालकाकडून मिळकतीची यादी आणि हिशोब मागण्याचा अधिकारही कोर्टाला आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून मुलाच्या पैशाचं खातं वेगळं ठेवा. घरभाडं आलं, फी भरली, औषधं आणली, सगळं एका वहीत लिहा आणि पावत्या त्याच वहीत लावा. दहा वर्षांनी भावकीत कोणी शब्द काढला तर ती वहीच तुमच्या बाजूने बोलेल.

भिवंडीतल्या मुस्लिम घरांसाठी पुढचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. मुलं सांभाळण्याचा हक्क आणि मुलांच्या मिळकतीचं पालकत्व या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हनफी कायद्यात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत मुलं आईकडे राहावीत असा आईचा हक्क आहे. पण मिळकतीचे पालक म्हणजे वडील, त्यांनी मृत्युपत्राने नेमलेला माणूस, नंतर आजोबा आणि त्यांनी नेमलेला माणूस. आई, मोठा भाऊ, चाचा यांच्याकडे हा अधिकार आपोआप येत नाही. अशा व्यक्तीने अज्ञान मुलाचा हिस्सा विकला तर मुलाच्या वाट्यापुरती ती विक्री मुळातच निरर्थक ठरते, हे प्रिव्ही कौन्सिलने १९१८ मध्ये सांगितलं आणि आजही तोच नियम आहे. मागाच्या खात्यातला वाटा, गाळा किंवा रूम शोहर गेल्यावर विकायची वेळ आली तर आईने १८९० च्या कायद्याखाली स्वतःची नेमणूक करून घ्यावी आणि विक्रीची परवानगी मागावी. कोर्ट आईला नेमू शकतं, आणि नेमतंही. जमातीच्या बैठकीत झालेला निर्णय घरात शांतता ठेवायला उपयोगी पडेल, पण सब-रजिस्ट्रारच्या टेबलावर तो चालणार नाही.

हिंदू आयांच्या बाबतीतही एक गैरसमज अजून शाळा, पासपोर्ट ऑफिस आणि बँकांच्या खिडक्यांवर भेटतो, की वडील हयात असताना आई पालक म्हणून सही करू शकत नाही. कायद्यात "वडील, आणि त्यांच्यानंतर आई" असं लिहिलं आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना हाच अडथळा आला म्हणून दाद मागितली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की "नंतर" म्हणजे वडील मेल्यानंतरच असं नाही. वडील मुलाकडे लक्ष देत नसतील, दूर असतील, किंवा दोघांच्या संमतीने आई सगळं बघत असेल, तर आईच पालक. २०१५ मध्ये अविवाहित आईलाही वडिलांचं नाव जाहीर न करता पालकत्वाचा अर्ज करता येतो, असं त्याच न्यायालयाने ठरवलं. नवरा सोडून गेलाय आणि शाळा त्याचीच सही मागतेय, अशा बाईने हे दोन निकाल लेखी अर्जात नमूद करावेत.

आई-वडील दोघंही नसलेल्या मुलांचं काय? २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि जवळपास चाळीस जीव गेले. अशा दुर्घटनेनंतर नातेवाईक धावून येतात, मुलांना घरी नेतात आणि कोणीतरी सुचवतं म्हणून स्टॅम्प पेपरवर 'मी या मुलाचा पालक आहे' असं नोटरी करून घेतात. त्या कागदाने प्रेम सिद्ध होतं, पालकत्व मिळत नाही. अशा वेळी तीन कामं करा. पहिलं, मुलाची नोंद जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे होऊ द्या. मार्ग कळत नसेल तर १०९८ वर फोन करा. 'समितीकडे गेलो तर मूल काढून घेतील' ही भीती बाळगू नका, घरातच नीट सांभाळ होत असेल तर मूल नातेवाईकांकडे ठेवण्याचा मार्ग कायद्यातच आहे. दुसरं, महिला व बाल विकास कार्यालयात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज भरा. महिन्याला २,२५० रुपये मिळतात. तिसरं, नुकसानभरपाई किंवा वारसा असेल तर कोर्टातून पालकत्व घ्या. अपघाताच्या दाव्यात मुलाची रक्कम न्यायाधिकरण सहसा अठरा वर्षं होईपर्यंत बँकेत ठेवतं. ती मोकळी करून घेण्यासाठी धडपडू नका. शिक्षणाला किंवा आजारपणाला लागलीच तर तेवढ्यापुरता अर्ज करता येतो. दाव्यात तडजोड करायची असली, तरी मुलाच्या वतीने कोर्टाच्या परवानगीशिवाय करू नका, ती टिकत नाही.

मागांवर काम करणारे बरेचजण उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातले. बाप इथे गेला, मुलं गावी आजीकडे, अशी स्थिती असेल तर मुलाच्या ताब्याचा अर्ज मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या जिल्हा कोर्टात होतो. फक्त मिळकतीचा प्रश्न असेल तर तो मिळकत आहे तिथेही करता येतो. हे माहीत नसल्याने कितीतरी आज्या विनाकारण भिवंडी-गाव खेपा घालतात.

आता मोठ्यांकडे वळू. मतिमंद किंवा स्वमग्न मुलाच्या आईबापांना एक दिवस बँकेत कळतं, की मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणून त्याच्या खात्यावर त्यांची सही चालणार नाही. त्यांना तो घाव वाटतो. अठरा वर्षं त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, आणि आता कायद्याने तुम्ही पालक नाही! पण नियम तसाच आहे. वय पूर्ण झालं की आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं, मूल कितीही अवलंबून असलं तरी. यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत कोर्टात जावं लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तीच पालक नेमते. ठाणे जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. सरकारी रुग्णालयाचं दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड आधी काढून ठेवा, सुरुवात तिथूनच होते. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. कोणी छळ करत असेल, पैसा खात असेल तर समिती त्या पालकाला काढू शकते. अठरावा वाढदिवस यायच्या आधीच तयारीला लागा.

मानसिक आजारात गुंता जास्त आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्ण स्वतः शुद्धीत असताना साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो. हा प्रतिनिधी उपचारांपुरता. घर विकायचा, पेन्शन काढायचा अधिकार त्याला नसतो. जुन्या १९८७ च्या कायद्यात मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमण्याची सोय होती, ती नव्या कायद्यात राहिली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मर्यादित पालकत्व आहे. त्यात पालक आणि ती व्यक्ती मिळून निर्णय घेतात, ठरावीक कामापुरता आणि ठरावीक काळापुरता. हा विचार मला फार योग्य वाटतो. ज्याला थोडंफार कळतं त्याला सगळ्या निर्णयांतून बाजूला सारण्याची सवय आपल्या घरांत खोलवर आहे, ती मोडली पाहिजे.

कोमात गेलेल्या माणसासाठी मात्र आजही वेगळा कायदा नाही. नवरा अपघातानंतर बेशुद्ध, खात्यात पैसे आहेत, हॉस्पिटलचं बिल वाढतंय आणि बायकोला एक रुपया काढता येत नाही. अशा वेळी उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका पत्नीला पतीची पालक नेमलं. त्याआधीच्या वर्षी केरळ उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक सूचना आखल्या होत्या. वैद्यकीय अहवाल, सर्व वारसांची संमती आणि मालमत्तेची यादी हे तिन्ही सोबत लागतं. अरुणा शानबाग प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पाहिला, तेव्हा सदतीस वर्षं तिला सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांकडे तो मान गेला. प्रत्यक्ष कोण सांभाळतं याला न्यायालय वजन देतं, हे लक्षात असू द्या आणि सेवेच्या नोंदी ठेवा.

कुलमुखत्यारपत्राबद्दल एक इशारा. "बाबांचं मुखत्यारपत्र आहे ना, मग काय काळजी?" असं पुष्कळजण म्हणतात. देणाऱ्याची बुद्धी शाबूत नसली की ते आपोआप संपतं. विसरभोळेपणा वाढत गेलेल्या वडिलांचं जुनं मुखत्यारपत्र वापरून फ्लॅट विकला तर तो व्यवहार तुमच्याच अंगावर येतो. नुसतं हातपाय चालत नसतील आणि समज शाबूत असेल, तर पालकाची गरजच नाही. सही जमत नसेल तर हाताचा किंवा पायाचा अंगठा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अधिकाऱ्याला घरी बोलावण्याची विनंती लेखी करा. खातं आधीपासूनच जोडीदाराबरोबर 'दोघांपैकी कोणीही' असं ठेवलंत तर निम्मा त्रास वाचतो. आणि ज्यांची मुलं लहान आहेत किंवा मोठं मूल अवलंबून आहे, त्यांनी मृत्युपत्र करावंच. त्यात पालक म्हणून कोणाचं नाव घालता, ते त्या माणसाला विचारून घाला.

शेवटी सातबाऱ्याकडे परत एकदा बघा. तुमच्या घरातलं कोणी अठरा वर्षांचं झालं असेल आणि 'अ.पा.क.' शेरा अजून तसाच असेल, तर तो कमी करण्याचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर किंवा तलाठ्याकडे जन्माचा पुरावा जोडून करता येतो. वकिलाच्या फीची चिंता असेल तर भिवंडी न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, ठाण्याला जिल्हा प्राधिकरण आहे आणि हेल्पलाइन १५१०० आहे. महिला, मुलं आणि दिव्यांग व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.